पायघड्यांचा कागद

सुळकागडावर पहाटेची नौबत झडली, बुरुजांच्या काळ्या कडा हळूहळू तांबूस झाल्या आणि माचीखाली पसरलेल्या कसबे आंबोऱ्यात रणसूर देशमुखांच्या गढीचा दिंडीदरवाजा कुरकुरत उघडला, तेव्हा त्या गढीच्या चौकात एका पोरीचा सौदा चालला होता; आणि सौदा म्हणावा तर तोही नव्हे, कारण सौद्यात निदान घासाघीस तरी होते.

धाकटे देशमुख सुभानराव यांची लेक त्या साली मोठ्या घरात पडत होती. आठ दिवसांनी वऱ्हाड निघायचे होते. लेकीसोबत आंदण म्हणून काय काय जायचे त्याची यादी कुलकर्णी रखमाजी अनंत खणखणीत आवाजात वाचून दाखवत होता. घोडी दोन, दुभत्या म्हशी चार, पालखी एक, तांब्याचे हंडे, जरीची लुगडी. आणि मग, आवाजात तिळभर फरक न करता, "बटीक एक. नाव चिमाई. उमर बारा साल."

बटीक म्हणजे घरात राबणारी गुलाम बाई. गुराढोरांसारखी देता येते, घेता येते, विकता येते. आणि चिमाई कोण? सुभानरावांच्या सख्ख्या थोरल्या भावाची, चार महिन्यांपूर्वी विजापूरच्या बादशाही फौजेतून लढताना कामी आलेल्या बाळोजी रणसूर देशमुखांची एकुलती एक लेक. सख्खी पुतणी! ज्या चुलत्याच्या मांडीवर ती पोर लहानाची मोठी झाली, तोच चुलता तिला म्हशींच्या खालच्या ओळीत लिहवीत होता.

जिन्यावर उभ्या असलेल्या मैनाऊने, बाळोजींच्या विधवेने, ती ओळ ऐकली. रणसुरांच्या बायका चारचौघांत चौकात उतरत नसत. मैनाऊ उतरली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडे होते, आणि त्या तोंडाकडे पाहून रखमाजीच्या हातातला बोरू थांबला.

"भाऊजी," ती म्हणाली, "यादीत चूक झाली आहे. दुरुस्त करवा."

सुभानरावांनी तक्क्यावरून हलण्याची तसदी घेतली नाही. "चूक कसली, बाई? आमच्या दादासाहेबांनी तुम्हाला ठेवले, पोसले, अंगावर दागिने घातले. त्यांची मर्जी. पण ठेवलेल्या बाईची पोर घरची बटीकच असते. रीतीने जे आहे ते लिहिले."

"ठेवलेली?" मैनाऊचा आवाज चढला. "कळमशेतच्या दमाजी पाटलाची लेक मी. चौदा वर्षांमागे याच गढीचे माप ओलांडून आत आले. तेव्हा तुम्हीच वरातीत घोड्यापुढे नाचला होता! सारा गाव जेवला होता माझ्या लग्नात!"

"मग विचारा की गावाला," सुभानराव हसले. "आणि कळमशेतलाही विचारा. उत्तर द्यायला कोणी उरले असेल तर."

कोणी उरले नव्हते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नऊ वर्षांमागे कळमशेत लुटीत जळाले; दमाजी पाटील, त्याचे चार मुलगे, देव्हारा, कागदपत्रे, सगळे एका दुपारी राख झाले. तिथे आता करवंदीचे रान माजले होते. बाळोजींची लग्नाची बायको आणि तिची औरस लेक जिवंत असेल तर वडीलकीचा मान आणि देशमुखीचा शिक्का त्या विधवेच्या मांडीवर येणाऱ्या दत्तकाकडे जाणार. बायको लग्नाची नाहीच ठरली तर सगळे सुभानरावांचे. बरे, शिक्का हवा होता तर शिक्क्यासाठी भांडायचे. बारा वर्षांच्या पोरीला दुसऱ्याच्या उष्ट्या खरकट्यात ढकलण्याची बुद्धी ज्याला होते, त्या माणसाला काय म्हणावे?

मैनाऊ रडली नाही. तिने त्याच दिवशी गढीतल्या एका विश्वासू चाकराला घोड्यावर घालून सुभ्याकडे धाडले आणि दाद मागितली. उत्तर तिसऱ्या दिवशी आले. सुभ्याचे अमीन दाऊदखान जातीने येतील, परगण्याचे पाटील, शेटे, बलुतेदार जमवून भैरोबाच्या देवळापुढे नदीकाठी गोतसभा बसेल; बाईने आपले कूळ आणि आपले लग्न साक्षीने किंवा कागदाने शाबित करावे. मुदत चार दिवस.

मग तिने शोध सुरू केला, आणि त्या शोधात तिला जे कळले त्याने तिचे रक्त उकळले.

आधी गाव. ज्या माणसांनी तिच्या लग्नात पत्रावळींवर पत्रावळी उठवल्या, त्यांची स्मरणशक्ती एकाएकी गेली होती. सुतार म्हणाला, त्या साली मी सासुरवाडीला होतो. कुंभार म्हणाला, आई, एवढी लग्ने होतात, कोण ध्यानात ठेवतो. तेली तर तिला येताना पाहून मागल्या दाराने पसार झाला. सगळे गढीच्या शब्दावर जगणारे. कोणाला जमीन जाईल, कोणाला बलुते जाईल ही धास्ती. धास्ती तिला कळत होती. पण नजर चुकवून पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिलेली ती मोठी मोठी माणसे पाहून तिला शिसारी आली.

मग कागद. रणसुरांची वंशावळ रखमाजीच्या दप्तरात होती. अमीनाच्या हुकमाची आण घालून तिने ती उघडायला लावली. सात पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे होते, कोण कुठल्या लढाईत पडला तेही लिहिले होते. बाळोजींच्या नावापुढे एकच शब्द होता: निपुत्रिक.

"आणि चिमाई?"

"वंशावळीत लेकी लिहीत नाहीत, बाईसाहेब," रखमाजी खाली मान घालून म्हणाला.

"बायका?"

"त्याही नाहीत."

"मग हे सात पिढ्यांचे पुरुष काय आभाळातून पडले?"

रखमाजीने दप्तर बांधायला घेतले. माहेरच्या घराण्याचा भाट शेजारच्या गावी आला होता, त्याला तिने बोलावून घेतले. त्याने पोथी सोडली, सूर लावला, दमाजी पाटलाचे नाव घेतले, चौघा मुलग्यांची नावे घेतली आणि थांबला. पाचवे अपत्य त्या पोथीत जन्मलेच नव्हते. भाट बिचारा वरमला. म्हणाला, आक्का, मी तुला अंगाखांद्यावर खेळवली आहे, पण पोथीत नसेल ते मी गाऊ कसे?

शेवटी ती नारंभटाकडे गेली. हा रणसुरांचा उपाध्याय. त्यानेच अंतरपाट धरला होता, त्यानेच मंगलाष्टके म्हटली होती. त्याने तुळशीपुढे बसल्या बसल्या डोळे मिटले आणि म्हणाला, "मला स्मरत नाही."

"भटजी, डोळे उघडा. माझ्याकडे बघून म्हणा."

"वय झाले, बाई. स्मरत नाही."

"बारशापासून श्राद्धापर्यंत हजार मंत्र पाठ आहेत तुम्हाला! एक लग्न तेवढे विसरलात? किती दिले त्यांनी?" "माझी लेक उद्या परक्याच्या अंगणात शेण काढील, तेव्हा तुमच्या घशाखाली घास कसा उतरतो तेच मला बघायचे आहे."

नारंभटाने डोळे उघडले नाहीत.

मुदतीचे दोन दिवस सरले. तिसऱ्या सकाळी परटाची विधवा तुळसा, धुण्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन, मागल्या अंगणात आली आणि गाठोडे खाली ठेवता ठेवता हलक्या आवाजात म्हणाली, "आईसाहेब, तुमचं नाव आमच्या कागदात व्हतं."

मैनाऊला आधी उलगडा होईना. मग एकदम आठवले. नवरी मांडवात यायची तेव्हा तिच्या पायांखाली परटाने धुतलेली वस्त्रे अंथरायची, त्या पायघड्या; तो परटाचा मान, पिढीजात. तिच्या लग्नात त्या मानावरून परटांच्या दोन भाऊबंदांत, भिवा आणि लखू या चुलतभावांत, मांडवाच्या दारातच हातघाई झाली होती. भिवा म्हणे मी थोरल्या शाखेचा. लखू म्हणे माझ्या बापाने गढी सांभाळली. नवरी उन्हात तिष्ठत उभी, आणि हे दोघे एकमेकांच्या झिंज्या धरून! पुढे गोत बसले, निवाडा लखूच्या, म्हणजे तुळसाच्या नवऱ्याच्या, बाजूने झाला आणि तसा महजर, निवाड्याचा दाखला, लिहून लखूला दिला. त्या महजरात कोणाचे लग्न, कोणाची लेक, कोणता दिवस, सगळे लिहिलेले होते.

घराण्याच्या कागदांत तिला जागा नव्हती. परटाच्या भांडणात होती!

"कुठे आहे तो कागद?" तिने तुळसाचा हात घट्ट धरला.

"बांबूच्या नळीत घालून आढ्याला बांधला व्हता, धनी गेल्यापासून मी देवावानी जपला. परवा देशमुखाची माणसं आली. नळी घेतली, चुलीत घातली. मला म्हणाली, वाच्यता केलीस तर पोराबाळांसकट गावाबाहेर." तुळसाला हुंदका आला. "पर आता एक हाये, भिवा. तो तिथं व्हता. तो बोलला तर."

भिवा! हरलेला भिवा! चौदा वर्षे त्याच्या घराने लखूच्या घरचे पाणी घेतले नव्हते. आपण हरलो हे तो अजून कबूल करत नसे. 'निवाडा झालाच नाही, गोताने कानांवर हात ठेवले' असे तो चावडीवर सांगत असे आणि लोक त्याच्यामागे हसत.

मैनाऊ नदीवर गेली. भिवा गुडघाभर पाण्यात उभा राहून दगडावर कपडे आपटत होता. साठीचा म्हातारा, पण दंड अजून लाकडासारखे.

"भिवाबा, माझं लग्न झालं होतं की नव्हतं?"

त्याने हात थांबवला नाही. "त्या लग्नाचं नाव माझ्याम्होरं काढू नगा, आईसाहेब. त्या लग्नानं माझं नाक कापलं."

"माझ्या लेकीला आंदणात देताहेत."

"ऐकलंय." कपडा आणखी एकदा दगडावर बसला. "मला बी काल गढीवर बोलावलं. देशमुख म्हणाले, पायघड्यांचा मान तुला माघारी देतो, शिक्क्यानिशी कागद करून देतो. तू फकस्त गोतापुढं खरं सांग, की मी त्या बाईला पायघड्या घातल्या न्हाईत. आता म्या घातल्याच न्हाईत. त्यात खोटं काय?"

किती सफाईदार! खोटी शपथही नको, पापही नको. पायघड्या घातल्या नाहीत, म्हणजे लग्न नाही.

"घे मग," ती म्हणाली, "मान घे. माझ्या पोरीच्या पाठीवर अंथर तुझ्या पायघड्या."

भिवाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. ती वळली तरी मागून कपडे आपटल्याचा आवाज आला नाही, पण रागाच्या भरात तिचे तिकडे लक्ष गेले नाही.

चौथ्या दिवशी, ऊन कोवळे असतानाच, भैरोबाच्या पारासमोर गोत बसले. मधोमध अमीन दाऊदखान, पांढऱ्या दाढीचे, मितभाषी गृहस्थ, दोहों बाजूंस परगण्याचे पाटील, पलीकडे बलुतेदार, आणि नदीच्या उतारावर सुभानरावांचे पन्नास हत्यारबंद पाईक, कशाला आणले ते कोणी विचारू नये म्हणून ढालींवर रेलून बसलेले. मैनाऊ चिमाईचा हात धरून उभी होती. पोरीला सगळे ठाऊक होते. ती आईच्या अंगाला चिकटली नाही. ताठ उभी राहिली.

नारंभट आला आणि नदीत उभा राहून, तळहातावर बेल-भंडार घेऊन, स्मरत नाही म्हणाला. सुतार, कुंभार, तेली, एकामागून एक आले आणि विसरून गेले.

"अमीनसाहेब," सुभानराव हात जोडून म्हणाले, "लग्न म्हटले की नवरीला पायघड्या आल्या. आमच्या परटाला विचारावे. गरीब माणूस आहे, खोटे बोलायचा नाही."

भिवा पाण्यात उतरला. बेल-भंडार हातावर घेतला.

"या बाईला लग्नात तू पायघड्या घातल्यास?" अमीनांनी विचारले.

"न्हाई, सरकार."

गोतात कुजबुज उठली. सुभानरावांनी मिशीवर हात फिरवला. मैनाऊने चिमाईचा हात इतका आवळला की पोर कळवळली.

"म्या न्हाई घातल्या," भिवा पुढे म्हणाला, "कारण त्या लखूनं घातल्या. म्या हरलो व्हतो."

चौदा वर्षांत ते शब्द त्या माणसाच्या तोंडून आंबोऱ्याने ऐकले नव्हते. भिवाने कमरेच्या फडक्यातून घडी केलेला कागद काढला आणि अमीनांच्या माणसाच्या हाती दिला.

"देशमुखसायबांनी परवाच करून दिलाय. शिक्का त्येंचा. मला अक्षर येत न्हाई, वाचून दाखवा."

अमीनांच्या कारकुनाने वाचले. "परगणे आंबोरे येथील देशमुख सुभानराव रणसूर यांनी भिवा परीट यासी लिहून दिले ऐसे जे, आमचे वडील बंधू बाळोजी यांचे लग्न दमाजी पाटील कळमशेतकर यांची कन्या मैनाऊ इजशी जाहले, ते समयी पायघड्यांचा मान तुजकडून जाऊन लखू परीट याजकडे गेला, तो आज मेहेरबान होऊन तुजला माघारा दिला असे..."

पुढचे कोणाला ऐकू आले नाही. सगळ्यांच्या माना रखमाजी कुलकर्ण्याकडे वळल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गेलेला हक्क माघारा देताना तो कधी, कसा, कोणाकडे गेला ही हकीकत आधी लिहायची. तीस वर्षे त्याचा हात त्याच वळणावर चालला होता. शिवाय भिवा त्याच्यापुढे ठाण मांडून बसला होता, म्हणे कवा गेला ते लिवा, न्हाईतर उद्या गोत मानायचं न्हाई. रखमाजीने लिहिले. आणि सुभानरावांनी? परटाचा कागद तो काय, आणि तो वाचून घ्यायचा कशाला? जांभई देत शिक्का उठवला!

"कागद खोटा आहे!" सुभानराव ओरडले.

"शिक्का खोटा आहे?" दाऊदखानांनी शांतपणे विचारले. "तसे असेल तर या दौलतीचे सगळे कागद तपासावे लागतील, देशमुख. आणि शिक्का खरा असेल तर हे लग्न तुम्ही स्वतःच शाबित केले आहे. सांगा, काय लिहू?"

सुभानरावांना उत्तराऐवजी हात सुचला. तलवार उपसून ते पाण्यात घुसले आणि भिवा मागे सरण्याआधी त्याच्या उजव्या दंडावर वार बसला. दुसरा वार उठला, तो तसाच राहिला, कारण मधे मैनाऊ उभी होती. ती कधी पाण्यात आली कोणाला दिसले नाही. पदर खांद्यावरून वाहत्या पाण्यात गेलेला, हातात काही नाही.

"घाल," ती म्हणाली. "घाल वार! थोरल्या वहिनीवर गोतासमोर तलवार चालव! पोरगी विकायला निघाला होतास, आता तेवढेच राहिले आहे. घाल, कसला बघतोस?"

उतारावरच्या पन्नास पाइकांपैकी एकही उठला नाही. ते बाळोजींच्या हाताखाली वाढलेले लोक होते. पाण्यात उभी होती ती आपल्या धन्याची बायको, हे आता त्यांना कागदानेही कळले होते. अमीनांच्या शिपायांनी सुभानरावांचे मनगट धरले आणि तलवार नदीत पडली.

मैनाऊने आपला पदर फाडून म्हाताऱ्याचा दंड बांधला. बांधता बांधता तिने विचारले, आणि तेव्हाही तिचा आवाज रागाचाच होता, "काल नदीवर सांगितलं का नाहीस, भिवाबा? मी चार रात्री डोळ्याला डोळा लावला नाही!"

"ठरलं कुठं व्हतं, आईसाहेब?" भिवा दात आवळून म्हणाला. "कागद हातात आला तवा छातीशी धरून बसलो. चौदा वर्सं त्याच्यासाठी जळलो म्या. पाण्यात उतरलो तरी ठरलं नव्हतं. मग ही पोर दिसली, तुमच्या शेजारी ताठ उभी. म्हनलं, जाऊ दे मान."

त्याचा उजवा हात पुढे कधी नीट मिटला नाही, आणि ज्या परटाचा हात मिटत नाही तो दगडावर कपडा आपटू शकत नाही. मैनाऊने त्याला मरेपर्यंत गढीतून शिधा दिला. पण शिधा म्हणजे हात नव्हे, हे तिला कळत होते. सुभानरावांचे काय झाले? काही झाले नाही! शिक्का काढून घेतला, इतकेच. बेडी नाही, फटका नाही. ठरल्या दिवशी ते लेकीचे वऱ्हाड घेऊन वाजतगाजत गेले आणि व्याह्याच्या घरी लाडू खाऊन आले. असल्या माणसांचे असेच असते.

गोत बसले त्याच दुपारी पाराखाली निवाडपत्र लिहायला घेतले. रखमाजीने लिहिले, 'बाळोजी रणसूर यांची बायको व लेक.'

"नावं लिही," मैनाऊ म्हणाली.

"बाईसाहेब, रीत..."

"तुझ्या रीतीनंच माझी पोर म्हशींच्या रांगेत बसवली होती. आंदणाच्या यादीत तिचं नाव लिहिताना बरी आठवली नाही रीत! लिही. मैनाऊ, कन्या दमाजी पाटलाची. चिमाई, कन्या मैनाऊची आणि बाळोजींची."

दाऊदखानांनी मान हलवली आणि रखमाजीने लिहिले. मग साक्षी. सर्वांत आधी भिवाने डाव्या हाताने, साक्षीची खूण म्हणून, आपली धुण्याची मोगरी कागदावर काढली, वेडीवाकडी. आणि त्याच्यामागे रांग लागली. सकाळी ज्यांना काही आठवत नव्हते त्या सगळ्यांना आता लख्ख आठवू लागले होते. सुतार म्हणाला, आईसाहेब, मांडवाचे खांब मीच रोवले. कुंभार म्हणाला, घडे माझ्याकडचेच. एकेक जण हात जोडी, हळहळ दाखवी आणि कागदावर आपल्या धंद्याचे हत्यार काढून जाई. मैनाऊने एकालाही अडवले नाही. एकाच्याही नमस्काराला तिने हात उचलला नाही.

शेवटी नारंभट आला. त्याने जानवे सावरले, डोळ्यांत पाणी आणले आणि बोरू उचलला.

मैनाऊने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"बाई," नारंभट कळवळून म्हणाला, "लग्न लावणारा मी. माझी साक्ष नसली तर हा कागद पुढे वाचणारे विचारतील, लग्न लावले तरी कोणी?"

"विचारू देत," मैनाऊ म्हणाली. तिने कागद उचलून अमीनांपुढे शिक्क्यासाठी ठेवला, आणि चिमाईला घेऊन घरी गेली.